चुन्याची निवळी

बँकेत बत्तीस वर्षे काढली, की शिलकेचा आकडा कमी दिसताच अस्वस्थ होण्याची खोड माणसाला लागते. गेल्या हिवाळ्यात मुलाकडे न्यू जर्सीला गेलो, तेव्हा माझी ही खोड त्याच्या दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला भोवली.

टाकी तीनशे लिटरची, आत जिवंत प्रवाळ. प्रवाळ म्हणजे झाड नव्हे आणि दगडही नव्हे, तो प्राणी. पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून तो चुनखडीचा सांगाडा बांधतो. समुद्रात लिटरमागे सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिथे तोटा नाही. टाकी हे मात्र बेताच्या शिलकेचे खाते. प्रवाळ रोज काढणार, मालकाने रोज भरायचे. त्यातल्या एका हिरव्या, फांद्या फुटलेल्या प्रवाळाचे नाव माझ्या नातीने 'तुळस' ठेवले होते.

मुलगा, सून आणि नात चार दिवस बाहेरगावी गेली. "बाबा, तुम्ही फक्त मोजा आणि वहीत लिहा. टाकू काही नका," असे मुलगा बजावून गेला. दुसऱ्या दिवशी कॅल्शियम ३६० भरले. कपाटात कॅल्शियम क्लोराइडची बाटली होती. मी हिशेब करून सगळी तूट एका दमात भरून काढली. थोड्याच वेळात पाणी दुधासारखे झाले. वहीतल्या शेजारच्या रकान्यात क्षारता होती : जर्मन मापाने १४, म्हणजे समुद्राच्या दुप्पट. तो आकडा मीच लिहिला होता, वाचला नव्हता. अशा पाण्यात एकदम कॅल्शियम ओतले, की दोन्ही मिळून चुनखडी होते आणि खाली बसते. मंडळी परतली तेव्हा तुळशीची कातडी सोलवटून निघाली होती.

मुलगा रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. त्याने वही पुढ्यात घेतली आणि मला समजावले. कॅल्शियम २० मिलिग्रॅम खर्च होते तेव्हा क्षारता २.८ अंशांनी उतरते. दोन्ही याच प्रमाणात उतरली, तर दोन्ही भरायची. एकच बिघडली असेल, तर तेवढीच हळूहळू सुधारायची. मॅग्नेशियम १३०० च्या आसपास नसेल, तर दोन्ही टिकत नाहीत.

मग कोणते औषध घ्यायचे? खर्च थोडा असेल तर चुन्याची निवळी. ती दोन्ही बाजू भरते. पण ती फार जहाल, म्हणून उडून गेलेल्या पाण्याच्या जागी थेंबाथेंबाने द्यायची. खर्च वाढला की दोन बाटल्या : एकीत कॅल्शियम, दुसरीत सोडा, दोन्ही एकत्र कधीच ओतायच्या नाहीत. मोठ्या टाकीला कार्बन डायऑक्साइडने प्रवाळाचा चुरा विरघळवणारे यंत्र. बाटलीवरची जाहिरात वाचण्याआधी आठवडाभराची वही वाचायची.

आपल्याकडे २००१ पासून अशा प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, तेव्हा हा छंद इथे कुणी आरंभू नये.

तुळशीची एक फांदी मात्र वाचली होती. मुलाने ती कापून दगडावर चिकटवली. आता दर रविवारी नात मला वहीच्या पानाचा फोटो पाठवते. खाली एकच ओळ असते : "आजोबा, दोन्ही रकाने बघा हं."