जीपची कमान आणि आमची चूक

आम्ही लालबागच्या एका चाळीतले चौघे मित्र. दोघे शिक्षक, एक गिरणी कामगाराचा मुलगा असलेला फिटर आणि एक बँकेत. चौघांनी मिळून एक जुनी जीप घेतली. उद्देश एकच, सुट्टी पडली की सह्याद्री गाठायचा. वर्षभर जीपने काही तक्रार केली नाही. मग कच्च्या वाटेवर एकदा तिचे पोट दगडाला घासले आणि आमच्या डोक्यात आले की जीप उंच करायची. ग्रँट रोड भागातून सामान आणले आणि एका गॅरेजमध्ये चारही कमानींत प्रत्येकी तीन जाड पाटे वाढवून घेतले. कमान चासीला टांगणारी लोखंडी कडी, म्हणजे शॅकल, तीही सहा सेंटीमीटरने लांब बसवली. जीप रुबाबदार दिसू लागली. चाळीतली मुले तिच्याभोवती गोळा झाली.

पंधरा दिवसांनी आमच्यातल्या एकाच्या आईला, काकूंना, गुडघा दाखवण्यासाठी परळला के. ई. एम. रुग्णालयात न्यायचे होते. काकू मागच्या बाकावर बसल्या. जीपमध्ये हा बाक थेट मागच्या चाकांवर असतो. तिसऱ्या गतिरोधकावर काकू बाकावरून उडाल्या आणि आपटल्या. गुडघा दाखवायला नेलेल्या काकूंना आम्ही पाठ घेऊन परत आणले. मणक्याला दाब बसला होता. दीड महिना कमरेला पट्टा बांधावा लागला. "बाबांनो, मला चालत नेली असतीत तर बरं झालं असतं," एवढेच त्या म्हणाल्या.

गतिरोधक जुनाच होता, वेगही नेहमीचाच होता. मग बदलले काय? हा हिशेब आम्ही आधी करायला हवा होता. तो नंतर केला. त्यातले विज्ञान शाळेतलेच आहे, म्हणून ते येथे मांडत आहोत.

तीन पाटे म्हणजे किती?

एकावर एक ठेवलेल्या पोलादी पाट्यांची कमान मोटारीपेक्षा जुनी आहे. घोडागाडीला ती १९व्या शतकाच्या आरंभीच आली होती. मुंबईच्या व्हिक्टोरिया अशाच कमानींवर डुलत चालत. उच्च न्यायालयाच्या २०१५ सालच्या आदेशानंतर त्या बंद झाल्या. ट्रकच्या आणि जुन्या जीपच्या चाकांवर मात्र ही कमान आजही दिसेल.

कमान जितकी दाबावी तितके तिचे बल वाढते, हा हूकचा नियम. एक सेंटीमीटर दाबण्यासाठी जेवढे वजन लागते तो तिचा ताठपणा. समजा, मागच्या एका कमानीवर २५० किलोग्रॅम भार आहे आणि तिने कमान १० सें.मी. दबते. म्हणजे ताठपणा झाला सेंटीमीटरला २५ किलोग्रॅम. चाक ५ सें.मी. उंचवट्यावर चढले तर कमान आणखी १२५ किलोग्रॅमच्या बलाने गाडीला वर ढकलणार.

आता पाटे वाढवू. पाट्यांची संख्या दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो. जाडीचे गणित मात्र वेगळे आहे. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. आमच्या कमानीत सहा मिलिमीटर जाडीचे आठ पाटे होते. ६ चा घन २१६, त्याच्या आठ पट १७२८. वाढवलेले तीन पाटे आठ मिलिमीटरचे. ८ चा घन ५१२, त्याच्या तिप्पट १५३६. हा हिशेब ढोबळ आहे, कारण सर्व पाटे सारख्या लांबीचे नसतात. तरी अर्थ स्पष्ट आहे. आम्हाला वाटत होते, आठाचे अकरा झाले. प्रत्यक्षात ताठपणा जवळजवळ १.९ पट झाला होता. त्याच उंचवट्यावर १२५ ऐवजी सुमारे २३५ किलोग्रॅमचा दणका, आणि तो थेट काकूंच्या बाकाखाली.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करायला हवा. आम्ही 'ताठ' आणि 'मजबूत' हे शब्द एकाच अर्थाने वापरत होतो. मजबूत कमान म्हणजे न तुटणारी. ताठ कमान म्हणजे न वाकणारी. पण कमानीचे कामच मुळी वाकण्याचे आहे!

कमानीतला लंबक

कमानीवर बसलेली गाडी वरखाली झुलते. एका झोक्याला किती वेळ लागतो ते काढण्याची एक सोपी युक्ती आहे. भाराने कमान जितकी दबते तितक्या लांबीचा लंबक घ्या. त्याचा आणि गाडीचा झोक्याचा काळ सारखाच असतो. आमची मूळ कमान १० सें.मी. दबत होती. १० सें.मी. लांबीचा लंबक दहा सेकंदांत सुमारे १६ झोके घेतो. ताठ कमान ५.३ सें.मी. दबू लागली. तेवढा लंबक त्याच वेळात सुमारे २२ झोके घेतो.

आपण चालतो तेव्हा सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो. म्हणून शरीराला या मापाच्या हेलकाव्यांची सवय असते. बसलेल्या माणसाला सर्वांत जाच होतो तो सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांचा, कारण त्या मर्यादेत धड आणि कणा स्वतःच कंप पावू लागतात. कमान जितकी ताठ तितके आपण त्या मर्यादेकडे सरकतो.

मुंबईच्या खाऱ्या दमट हवेने यात भर घातली. पाटे एकमेकांवर सरकले तरच कमान मऊ राहते. ते गंजून चिकटले की सगळा गठ्ठा एकाच जाड पाट्यासारखा वागतो. आमच्या जुन्या पाट्यांमध्ये गंज होता. आम्ही तो खरवडला नाही, ग्रीसही लावले नाही, वर नवे पाटे मात्र आवळले. छोट्या धक्क्यांना कमान जागची हलतच नसे. मग स्प्रिंगचे काम करायला उरले फक्त टायर.

धक्काशोषक धक्का शोषत नाही

शॉकअब्सॉर्बरचे नाव फसवे आहे. धक्का झेलते ती कमान. धक्क्यानंतर कमान झुलत राहू नये म्हणून तिची ऊर्जा काढून घेतो तो शॉकअब्सॉर्बर. त्याच्या नळीत तेल आणि बारीक छिद्रांचा दट्ट्या असतो. छिद्रांतून तेल ढकलताना झोक्याच्या ऊर्जेची उष्णता होते. खराब रस्त्यावरून आल्यावर हात लावून पाहिला तर तो कोमट लागतो.

त्याचा जोर कमानीच्या ताठपणाशी जुळलेला असतो. ताठपणा १.९ पट झाला आणि शॉकअब्सॉर्बर तोच राहिला, तर झोका आवरण्याची त्याची सापेक्ष क्षमता १.९ च्या वर्गमुळाने घटते. म्हणजे पूर्वीच्या सुमारे ७३ टक्केच उरते. गतिरोधकाने कमान दाबली, तिने जोराने परत फेकले आणि आवरणारा दुबळा पडला. काकू उडाल्या त्या दाबाच्या क्षणी नव्हे, या परतफेकीच्या वेळी.

उंची कोठे वाढली?

आता ज्यासाठी हे सारे केले त्या उंचीकडे वळू. कमान कमी दबू लागल्याने जीप ४.७ सें.मी. वर आली. शॅकलमुळे कमानीचे फक्त एकच टोक सहा सें.मी. खाली गेले. धुरा कमानीच्या मध्यावर असतो, त्यामुळे फायदा त्याच्या निम्मा, तीन सें.मी. एकूण जवळजवळ आठ सें.मी.

पण जीपचा सर्वांत खालचा भाग कोणता? मागच्या धुऱ्यावरचा डिफरन्शियलचा गोळा. हा धुरा चाकांनाच जोडलेला आहे आणि कमान उचलते ती फक्त चासीला. कमान कितीही उंच करा, तो गोळा एक मिलिमीटरही वर येत नाही! तो वर येईल फक्त मोठ्या टायरने, तोही टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्माच. दगडाला घासले होते 'पोट' असे आम्ही म्हणत होतो. खाली वाकून पाहिले तेव्हा ओरखडे गोळ्यावर होते.

वर गेली ती चासी, बैठक आणि त्यांच्याबरोबर गुरुत्वमध्य. जुन्या विलीज नमुन्याच्या जीपच्या डाव्याउजव्या चाकांतले अंतर सुमारे १२३ सें.मी. असते. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सें.मी. उंच धरू. चाकांतल्या निम्म्या अंतराला या उंचीने भागले तर ०.९५ येते. गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट बाजूचे बल आले तर गाडी उलटेल. कोरड्या डांबरावर टायरची पकड ०.८ च्या आसपास असते. म्हणजे वळणावर वेग जास्त झाला तर जीप उलटण्याआधी घसरेल. हा फरक ०.१५ चा. गुरुत्वमध्य सहा सें.मी. वर गेला की ०.९५ चे ०.८७ होते आणि फरक उरतो ०.०७. वळणावर गाडी बाहेर झुकते, त्यात तोही संपू शकतो. तिरप्या उतारावर उलटण्याचा कोन या बदलाने अडीच अंशांनीच घटतो, म्हणून धोका डोळ्यांना दिसत नाही. खरी घट सुरक्षिततेच्या उरलेल्या फरकात होते, आणि तो निम्म्याहून कमी झालेला असतो.

दुमजली बसचे उदाहरण येथे उपयोगी पडते. उंच असूनही ती वळणावर सहसा पडत नाही, कारण इंजिन, चासी असे जड भाग खाली असतात. ब्रिटनमध्ये अशी बस वरचा मजला भरलेला धरून २८ अंशांपर्यंत कलती करून तपासतात. तेथे उंचीचा विचार आधी होतो. आम्ही तो केलाच नाही.

चाक हवेत, जीप जागेवर

काकूंची पाठ बरी होत असतानाच आम्ही एकदा लोणावळ्याहून राजमाचीच्या कच्च्या वाटेला लागलो. पूर्वी जी खाच जीपने सहज पार केली होती, तेथेच ती अडकली. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक हवेत गरगर फिरत होते.

खडबडीत जमिनीवर चार पायांचे टेबल ठेवा. एक पाय अधांतरी राहतो. त्याच जागी सैल विणलेली बाज ठेवा, ती पिळवटून चारही पाय टेकवते. मऊ कमान गाडीला बाजेसारखी करते. ताठ कमानीने गाडीचे टेबल होते. त्यातच आमचे शॉकअब्सॉर्बर जुन्या उंचीच्या लांबीचे. जीप वर उचलल्यामुळे ते आधीच बरेच ताणलेले होते. खाचेत चाक खाली जाऊ लागले की ते पूर्ण ताणून चाकाला तेथेच लटकवत.

साधा डिफरन्शियल धुऱ्याच्या दोन्ही चाकांना फिरवण्याचा सारखाच जोर देतो. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागत नाही, म्हणून जमिनीवरच्यालाही मिळत नाही. पुढचे एक आणि मागचे एक चाक उचलले गेल्यावर चारही चाकांची ओढ निकामी ठरली. कच्च्या वाटेसाठी केलेला बदल कच्च्या वाटेवरच आडवा आला.

परतताना गाडी थरथरत होती. इंजिनाकडून मागच्या धुऱ्याकडे जाणारा शाफ्ट जीपमध्ये फार लहान असतो. तो अर्ध्या मीटरचा धरला तर आठ सें.मी. उंचीने त्याचा तिरपेपणा नऊ अंशांनी वाढतो. ज्याला मेकॅनिक 'क्रॉस' म्हणतात तो सांधा तिरपा फिरताना एका फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो. तिरपेपणा ६ अंश असताना हा फरक अर्धा टक्का असतो, १५ अंशांना साडेतीन टक्के. दोन्ही टोकांच्या सांध्यांचे कोन समान असतील तर हे फरक एकमेकांना रद्द करतात. लांब शॅकलने धुरा फिरवून आम्ही ती समानताही घालवली होती.

उलटा प्रवास

शेवटी सारे काढले. जुने पाटे सुटे करून खरवडले, ग्रीस लावून पुन्हा बांधले. गंमत अशी की जीप याआधी कधी नव्हती इतकी मऊ चालू लागली. आम्हाला मुळात एवढेच करायचे होते. नंतर ताडदेवच्या आर.टी.ओ.त चौकशी केली तेव्हा आणखी एक गोष्ट समजली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. आम्हाला हा नियम तेव्हा जाचक वाटला असता. आज त्यामागचे कारण कळते. कमान, शॉकअब्सॉर्बर, धुरा, शाफ्ट आणि गुरुत्वमध्य यांची मापे एकमेकांकडे पाहून ठरवलेली असतात. आम्ही एक बदलले आणि बाकीची चार आपोआप बिघडली.

काढलेले पाटे चाळीच्या जिन्याखाली पडून आहेत. काकू आता जीपमध्ये बसतात, पण पुढच्या सीटवर, आणि बसण्यापूर्वी विचारतात, "आता नवीन काही बसवलं नाहीत ना रे?"

वर्गात करून पहा

१. प्लॅस्टिकची ३० सें.मी.ची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर २० सें.मी. काढून धरा. टोकाला नाण्यांची वाटी टांगा आणि पट्टी किती वाकते ते मोजा. तशीच दुसरी पट्टी नुसती वर ठेवून दोन्ही एकत्र धरा आणि पुन्हा मोजा. वाकणे सुमारे निम्मे होईल. आता दोन्ही पट्ट्या गोंदाने पक्क्या चिकटवून मोजा. वाकणे एका पट्टीच्या आठव्या हिश्श्याच्या जवळ येते का? गंजलेल्या कमानीचे उत्तर येथे मिळेल.

२. प्रयोगशाळेतील स्प्रिंगला वजन टांगा. स्प्रिंग जितकी लांबली तितक्याच लांबीचा लंबक शेजारी टांगा. दोन्ही एकदम सोडून झोके मोजा.

३. रिकाम्या काड्यापेटीत तळाशी एक नाणे चिकटवा, दुसऱ्या पेटीत वरच्या बाजूला. दोन्ही पेट्या पुठ्ठ्यावर उभ्या ठेवून पुठ्ठा हळूहळू कलता करा. कोणती आधी पडते, किती अंशांवर? घसरू नयेत म्हणून काय कराल?