सवलतीचे तिकीट आणि आसनाचा हक्क

गेल्या वर्षी एका पालकांनी मोबाइलवरील विमानाचे तिकीट दाखवून मला विचारले, "सर, पोरीनं तिकीट तर पाठवलं, पण ह्याच्यावर शीट नंबर कुठं हाय?" त्यांची कन्या, आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी, दिल्लीत एका विमान कंपनीत नोकरीस आहे. त्यांच्या या प्रश्नातच सवलतीचे सारे मर्म आहे.

विमान उडाले की त्यातील रिकामे आसन कायमचे वाया जाते. म्हणून विमान कंपन्या अशी आसने कर्मचारी, त्यांचे जोडीदार, मुले आणि बहुधा आई-वडील यांना अल्प दरात देतात. 'आयडी ९०' म्हणजे भाड्यात नव्वद टक्के सूट. कर वेगळे भरावे लागतात. परस्परांशी करार असलेल्या कंपन्यांच्या विमानांसाठी अंतराच्या टप्प्यांनुसार ठरलेले 'झेड' दर असतात.

परतूरच्या स्थानकावर आपण रेल्वेचे 'वेटिंग' पाहतो. तेथे आधी तिकीट काढणाऱ्याचा क्रमांक आधी लागतो. येथे तसे नाही. पूर्ण भाडे देणारा प्रवासी अखेरच्या घटकेस आला, तरी आसन त्याचेच. उरलेल्या जागा पासाचा प्रकार, कर्मचाऱ्याची सेवाज्येष्ठता अशा निकषांवर वाटल्या जातात. विमानतळावर वेळेआधी पोहोचावे, सामान मोजके न्यावे आणि निर्णयाची वाट पाहावी. दिवाळी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत जागा मिळणे कठीण. छत्रपती संभाजीनगरहून उड्डाणे मोजकीच. एक हुकले तर मुक्काम करण्याची वेळ येऊ शकते.

आणखी एक गोष्ट ध्यानी असावी. हा पास विकणे किंवा काउंटरवर हुज्जत घालणे याची शिक्षा प्रवाशास नव्हे, कर्मचाऱ्यास भोगावी लागते. सवलत बंद होऊ शकते. पास विकल्यास नोकरीही जाऊ शकते. कष्टाने शिकलेल्या लेकरांची ती नोकरी आहे, हे आपण विसरू नये.

त्या पालकांना नातीच्या पहिल्या वाढदिवसास पोहोचायचे होते. मी सुचविले, "जाताना जालन्याहून सचखंड एक्स्प्रेसचे आरक्षण करा, येताना विमानाने या." त्यांनी तसेच केले. वाढदिवसास ते वेळेवर पोहोचले. परतीच्या दिवशी पहिले विमान भरलेले निघाले. ते लेकीच्या घरी आणखी एक रात्र राहिले आणि दुसऱ्या दिवशी आयुष्यात प्रथमच विमानात बसले.

आरक्षित आसन हा हक्क आहे. सवलतीचे तिकीट ही केवळ संधी. जेथे तारीख चुकवून चालणार नाही, तेथे हक्काचेच तिकीट काढावे.