बीडमध्ये खास मोरांसाठी अभयारण्य आहे, पण तिथं जायचं कधी?

बीड म्हटलं की दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण. गुगलवर जिल्ह्याचं नाव टाकलं तरी बातम्या बहुतेक याच. पण याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, फक्त मोरांच्या नावानं ओळखलं जाणारं एक अभयारण्य आहे. नायगाव मयूर अभयारण्य.

बालाघाटच्या डोंगररांगेत सुमारे 30 चौरस किलोमीटरवर ते पसरलंय. 1994 साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. मांजरा नदीही याच पाटोदा तालुक्यात, गौखाडीजवळ उगम पावते.

आता अभयारण्य म्हणून तुमच्या डोळ्यांसमोर कोकणासारखं गर्द रान येत असेल, तर ते आधी बाजूला ठेवा. हा पर्जन्यछायेचा पट्टा. इथलं रान म्हणजे झुडपं, काटेरी झाडं, गवताळ माळ आणि मधूनच ओढे. बालाघाटावर सीताफळाची झाडंही भरपूर. उन्हाळ्यात गेलात तर वाटेल, इथं काय बघायचं?

पण मोराला हेच लागतं. दाट जंगलात एवढा पिसारा घेऊन फिरणं अवघड. त्याला दिवसा चरायला मोकळी जागा हवी, लपायला झुडपं हवीत आणि रात्री झोपायला उंच झाड हवं. दाणे, किडे, सरडे, लहान साप असं सगळं तो खातो. डोंगर आणि शेत शेजारी शेजारी असले की त्याचं भागतं. शेतकऱ्याचं मात्र भागत नाही, कारण पेरलेला दाणाही मोर टिपतो.

आता मुद्द्याचा प्रश्न. जायचं कधी?

बरेच जण पर्यटनाचा सीझन म्हणून हिवाळ्यात जातात आणि बिनपिसाऱ्याचे मोर बघून हिरमुसतात. कारण मोराचा पिसारा वर्षभर टिकत नाही. विणीचा हंगाम सरता सरता, पावसाळ्याच्या शेवटी, ही लांब पिसं गळतात आणि पुढचे काही महिने हळूहळू नवी येतात. आणखी एक गंमत म्हणजे पिसारा ही मोराची शेपटी नाहीच. खरी शेपटी आखूड, तपकिरी असते आणि ती मागून पिसाऱ्याला आधार देते.

थोडक्यात, थुईथुई नाचणारा मोर बघायचा तर पावसाळ्याची सुरुवात गाठायची. पण खरी अडचण तिथंच आहे.

मोर नाचतो तो लांडोरीला भुलवण्यासाठी. (2017 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी मोराच्या अश्रूंनी लांडोर गाभण राहते असं सांगितलं होतं. तसं काही नसतं, मोर-लांडोरीचं मीलन इतर पक्ष्यांसारखंच होतं.) त्यानंतर लांडोर अंडी घालते ती झाडावर नाही, तर थेट जमिनीवर, झुडपाच्या आडोशाला. साधारण चार ते सहा अंडी. पुढचे जवळपास 28 दिवस ती एकटीच उबवते, मोर मदतीला येत नाही.

म्हणजे आपल्याला रील काढायला जो काळ सगळ्यात भारी वाटतो, तोच लांडोरीसाठी सगळ्यात नाजूक. फ्रेम चांगली मिळावी म्हणून कुणी वाट सोडून झुडपात शिरलं, तर लांडोर घरट्यावरून उठते. मग उघडी पडलेली अंडी मुंगूस किंवा भटक्या कुत्र्यांच्या तावडीत सापडायला वेळ लागत नाही.

म्हणून पावसाळ्यात जायचं असेल तर पायवाट सोडू नका, स्पीकर आणि ड्रोन घरी ठेवा. मोर पहाटे आणि ऊन उतरल्यावर बाहेर पडतो, दुपारी सावलीत बसतो. त्यामुळं दहा वाजता पोहोचून मोर दिसला नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. जाण्याआधी वन विभागाकडं प्रवेशाची चौकशी करा आणि प्यायचं पाणी सोबत न्या.

मोर 1963 पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केली तर किमान तीन वर्षं तुरुंगवास होतो.

आणि हो, मोरपीस. आपोआप गळलेली पिसं देशात विकायला परवानगी आहे, म्हणून ती जत्रेत मिळतात. पण अभयारण्याचा नियम वेगळा. तिथं पडलेलं पीसही परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही.