आंतरराष्ट्रीय सांघिक गोल्फमधील खिलाडूवृत्ती

गोल्फ हा मुख्यतः वैयक्तिक खेळ असला, तरी रायडर चषक, सोलहाइम चषक आणि प्रेसिडेंट्स चषक या स्पर्धांमध्ये तो संघांमध्ये खेळला जातो. येथे प्रत्येक खेळाडूच्या निर्णयाचा परिणाम संघाच्या गुणसंख्येवर होतो. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याशी दाखवलेल्या औदार्याची किंमत सहकाऱ्यांनाही मोजावी लागू शकते. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी हा प्रेसिडेंट्स चषकात खेळणारा पहिला भारतीय गोल्फपटू आहे.

स्पर्धा

रायडर चषक १९२७ साली अमेरिका व ग्रेट ब्रिटन यांच्यात सुरू झाला. १९७९ पासून अमेरिकेविरुद्ध युरोपचा संघ उतरतो. महिलांचा सोलहाइम चषक १९९० पासून याच दोन पक्षांमध्ये होतो. १९९४ साली सुरू झालेल्या प्रेसिडेंट्स चषकात अमेरिकेसमोर युरोपाबाहेरील देशांचा आंतरराष्ट्रीय संघ असतो. भारतीय खेळाडूंना संधी मिळते ती याच संघात.

फटका बहाल करण्याचा नियम

या तिन्ही स्पर्धा ‘मॅच प्ले’ पद्धतीने खेळल्या जातात. या पद्धतीत एकूण फटक्यांऐवजी जिंकलेले होल मोजले जातात. सामना जिंकणाऱ्यास एक गुण मिळतो आणि बरोबरी झाल्यास दोन्ही संघांना अर्धा गुण मिळतो. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू होलच्या जवळ असल्यास त्याचा उरलेला फटका मारला गेला असे मानण्याची मुभा खेळाडूला असते. यास फटका बहाल करणे म्हणतात. एकदा बहाल केलेला फटका परत घेता येत नाही व नाकारताही येत नाही. मात्र तो बहाल करणे हे बंधन नाही. हा निर्णय सर्वस्वी प्रतिस्पर्ध्याच्या विवेकावर सोपवलेला असल्याने सांघिक गोल्फमधील अनेक संस्मरणीय प्रसंग या नियमाभोवती घडले आहेत.

रॉयल बर्कडेल, १९६९

इंग्लंडमधील रॉयल बर्कडेल येथे झालेल्या रायडर चषकात अखेरच्या सामन्यापूर्वी दोन्ही संघ बरोबरीत होते. अमेरिकेचा जॅक निक्लॉस आणि ब्रिटनचा टोनी जॅकलिन हेही शेवटच्या होलवर बरोबरीत होते. निक्लॉसने आपला चेंडू होलमध्ये घातला आणि जॅकलिनचा दोन-तीन फुटांचा फटका न मारू देताच बहाल केला. परिणामी स्पर्धा १६–१६ अशी बरोबरीत सुटली. रायडर चषकाच्या इतिहासातील ही पहिलीच बरोबरी होती. आधीचा विजेता म्हणून चषक अमेरिकेकडेच राहिला, तरी निर्भेळ विजयाची शक्यता हातची गेल्याने कर्णधार सॅम स्नीड नाराज झाला. पुढे हा प्रसंग गोल्फमधील खिलाडूवृत्तीचा मानदंड मानला जाऊ लागला. फ्लोरिडातील ‘द कन्सेशन’ या गोल्फ क्लबाचे नाव त्यावरूनच ठेवले आहे.

फॅनकोर्ट, २००३

दक्षिण आफ्रिकेतील फॅनकोर्ट येथील प्रेसिडेंट्स चषक १७–१७ असा बरोबरीत राहिल्यावर टायगर वूड्स व एर्नी एल्स यांच्यात निर्णायक सामना सुरू झाला. तीन होलनंतरही निकाल लागला नाही आणि अंधार पडला. तेव्हा कर्णधार जॅक निक्लॉस व गॅरी प्लेअर यांनी चषक दोन्ही संघांनी वाटून घ्यावा असे ठरवले.

सेंट लिऑन-रोट, २०१५

जर्मनीतील सोलहाइम चषकात याच नियमाची दुसरी बाजू दिसली. अमेरिकेच्या ॲलिसन लीने जवळचा फटका बहाल झाला आहे असे समजून चेंडू उचलला. युरोपच्या सुझान पेटरसनने तो बहाल केला नसल्याचे सांगितल्यामुळे तो होल युरोपला मिळाला व पुढे सामनाही युरोपने जिंकला. नियमानुसार हा निर्णय योग्य होता, परंतु त्यावर तीव्र टीका झाली. त्याच दिवशी एकेरीच्या सामन्यांत अमेरिकेने पिछाडी भरून काढत १४½–१३½ असा विजय मिळवला. नंतर पेटरसनने आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली.

अनिर्बान लाहिरी

भारताने १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेत गोल्फचे सांघिक सुवर्णपदक जिंकले होते, तर २००६ च्या दोहा स्पर्धेत सांघिक रौप्यपदक मिळवले. दोहातील संघात लाहिरी होता.

ऑक्टोबर २०१५ मध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथील प्रेसिडेंट्स चषकात अखेरच्या दिवशी त्याची गाठ अमेरिकेच्या ख्रिस कर्कशी पडली. दोघे शेवटच्या होलवर बरोबरीत होते. लाहिरीचा चेंडू होलच्या अधिक जवळ होता, परंतु कर्कने लांबचा फटका यशस्वी केला. लाहिरीचा उरलेला फटका जेमतेम चार फुटांचा होता. तो बहाल झाला नाही आणि चेंडू होलच्या कडेवरून निघून गेला. स्पर्धा अमेरिकेने १५½–१४½ अशी जिंकली, त्यामुळे या फटक्यावर गेलेला अर्धा गुण आंतरराष्ट्रीय संघाला महागात पडला. अशा निर्णायक क्षणी फटका बहाल न करणे खेळाच्या संकेतांना धरूनच असते. १९६९ चा प्रसंग असाधारण ठरला तो याच कारणाने.

दोन वर्षांनंतर त्याच आंतरराष्ट्रीय संघाचा कर्णधार निक प्राइस याने आपल्या अधिकारातील दोन निवडींपैकी एक लाहिरीची केली. अमेरिकेतील लिबर्टी नॅशनल मैदानावर शनिवारीच अमेरिकेचा विजय निश्चित होण्याच्या बेतात होता. दुहेरीच्या सामन्यात लाहिरी व दक्षिण कोरियाचा किम सी-वू यांनी चार्ली हॉफमन व केव्हिन चॅपेल यांना एका होलने हरवले आणि निकाल रविवारपर्यंत लांबवला. अंतिम विजय अमेरिकेने १९–११ असा मिळवला.