मोसंबीचा टिकाऊपणा
जालना जिल्ह्यातल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तोडलेल्या फळाचाही श्वासोच्छ्वास चालूच राहतो. गारव्यात त्याचा वेग मंदावतो आणि बुरशीची वाढही रोडावते. पण पारा फार खाली नेला, तर सालीवर तपकिरी खड्डे पडतात. म्हणून शीतगृहात मोसंबी सहसा 5 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवतात; द्राक्षे शून्याच्या आसपासही खुशाल राहतात.

रसाचे गणित निराळे. यीस्टला आवर घालायला त्यात अत्यल्प सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात. बेंझोएट आंबट रसातच नीट काम करते आणि मोसंबी तर मुळात गोड, त्यामुळे सायट्रिक आम्लाची जोड लागते. काढून ठेवलेल्या रसात लिमोनिनमुळे येणारा कडवटपणा मात्र या रसायनांना जुमानत नाही.