मांजर दूध कसं पितं?

आमच्या मनीपुढे बशी ठेवली की ‘लप लप लप’ असा बारीक आवाज सुरू होतो. बघता बघता बशी लख्ख, आणि हनुवटी मात्र कोरडी! अगदी नाकाला नाक लावून पाहिलं तरी जीभ आत-बाहेर होताना दिसते. दूध तोंडात जातं कसं, ते काही दिसत नाही.

तेव्हा अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात असलेले संशोधक रोमन स्टॉकर यांनाही हाच प्रश्न पडला, तोही घरच्या ‘कट्टा कट्टा’ नावाच्या मांजराकडे पाहताना. वेगवान कॅमेऱ्याने टिपलेलं उत्तर २०१० साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. मांजर जिभेचा चमचा करत नाही. जिभेचं टोक खाली, मागच्या बाजूला वळतं आणि दुधावर नुसतं टेकतं. मग जीभ झपकन वर जाते, तिला चिकटून दुधाचा बारीक खांब वर उठतो. गुरुत्वाकर्षणाने तो खाली कोसळायच्या आत जबडा मिटतो! सेकंदाला साधारण चार वेळा हे घडतं. दर वेळी तोंडात जातं जेमतेम ०.१ मिलिलिटर. वाघ-सिंहांचीही हीच रीत, फक्त मोठी जीभ संथ चालते. कुत्रा मात्र जीभ पाण्यात आपटतो, म्हणून फरशीभर शिंतोडे.

दूध डोळे मिटून पितं म्हणून आपण मांजराला लबाड ठरवलं. इतकं नाजूक गणित रोज जमवणाऱ्या जीवावर हा अन्यायच आहे. एक मात्र सांगते, मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध नीट पचत नाही. बशीत स्वच्छ पाणी ठेवा. जिभेची करामत त्यातही तशीच दिसते.