जवानाचं बाळ कुणाच्या भरवशावर?
आपल्या वस्तीतला जवान सीमेवरच्या चौकीवर असतो, तिथं कुटुंब नेता येत नाही. मागं कामावर जाणाऱ्या आईनं बाळ कुठं ठेवायचं?

आम्ही सांगतो, आधी अंगणवाडीत विचारा. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांना सांभाळतात. मात्र ही सोय सगळीकडे नाही. कामाच्या जागी ५० कर्मचारी असतील, तर कायद्यानुसार पाळणाघर मागता येतं.

खासगी पाळणाघर न कळवता, दुपारी जाऊन पाहा. एका बाईकडे किती मुलं? पिण्याचं पाणी झाकलेलं आहे का? तापलेलं मूल वेगळं ठेवतात का? लसीकरणाचं कार्ड मागतात का?

चौकीवर फोन लागेलच असं नाही. म्हणून जवळच्या मावशी-काकांचा नंबर द्या. बाळाला न्यायला कोण येणार, तेही लिहून द्या.

आईला आत येऊ न देणारं पाळणाघर कितीही स्वस्त असो, नकोच.